बॉम्ब पडण्याआधीचे ४८ तास

इराकवर हल्ला करण्याआधी अमेरिकेने ४८ तासांची मुदत दिली होती. इराकचा हुकूमशहा सद्दाम हुसेन याला मिळालेली ही शेवटची संधी होती, असं आजही सांगितलं जातं. पण ज्याच्यावर कोणत्याही क्षणी हल्ला होणार असतो, तो शत्रूला दोन दिवसांची नोटीस देत नाही. मार्च २००३ मधले ते तास एकामागून एक समोर मांडले, की या युद्धाच्या समर्थनाचा पायाच उरत नाही. त्यासाठीच हा घटनाक्रम.

त्याआधी, शत्रूवर आधीच केलेला हल्ला केव्हा योग्य ठरतो, याची कसोटी पाहू. डिसेंबर १८३७ मध्ये ब्रिटिश सैन्याने नायगारा नदी ओलांडली आणि अमेरिकेच्या हद्दीत उभी असलेली 'कॅरोलाइन' नावाची बोट पेटवून दिली. कॅनडातल्या बंडखोरांना या बोटीतून रसद पोहोचत होती. त्यावरून झालेल्या वादात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डॅनियल वेबस्टर यांनी १८४१ मध्ये ब्रिटनला ठणकावलं. असा हल्ला क्षम्य ठरायचा असेल, तर धोका इतका तातडीचा आणि भयंकर असला पाहिजे की दुसरा मार्ग निवडायला वाव नाही आणि विचार करायला क्षणाचीही उसंत नाही. ही कसोटी अमेरिकेने स्वतः घालून दिलेली आहे. १९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेने ती आणखी कडक केली. कलम ५१ प्रमाणे स्वसंरक्षणाचा हक्क सशस्त्र हल्ला झाल्यावर मिळतो. एरवी बळाचा वापर करायचा तर सुरक्षा परिषदेची परवानगी लागते.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर ही चौकट मोडायला सुरुवात झाली. १ जून २००२ रोजी वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी सांगितलं, की धोका पूर्ण आकाराला येईपर्यंत थांबलो तर फार उशीर झालेला असेल. सप्टेंबरमध्ये आलेल्या राष्ट्रीय सुरक्षा धोरणात हेच लिखित झालं. शत्रू कधी आणि कुठे हल्ला करणार हे अनिश्चित असलं, तरी अमेरिका आधीच वार करू शकेल, असं त्यात म्हटलं होतं. वेबस्टर यांना धोका दारात आलेला हवा होता. बुश यांना धोक्याची शंका पुरेशी होती.

७ मार्च २००३, शुक्रवार. न्यूयॉर्क

इराककडे महासंहारक अस्त्रं आहेत का, हे तपासणारे संयुक्त राष्ट्रांचे मुख्य शस्त्रनिरीक्षक हान्स ब्लिक्स सुरक्षा परिषदेत अहवाल देतात. नोव्हेंबरच्या अखेरीस निरीक्षकांना पुन्हा इराकमध्ये प्रवेश मिळाला आहे आणि तपासण्या सुरू आहेत. अल-समूद-२ या क्षेपणास्त्रांचा पल्ला ठरवून दिलेल्या १५० किलोमीटरच्या मर्यादेपलीकडे जातो असं आढळल्यामुळे १ मार्चपासून ती निरीक्षकांच्या डोळ्यांसमोर बुलडोझरखाली चिरडली जात आहेत. १९९१ मध्ये आपणच नष्ट केल्याचा इराकचा दावा असलेले जैविक बॉम्ब जमिनीतून उकरून दाखवले जात आहेत. उरलेली कामं पूर्ण व्हायला किती वेळ लागेल? ब्लिक्स यांचं उत्तर नेमकं आहे: वर्षं नाहीत, आठवडेही नाहीत, काही महिने.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख मोहम्मद अल बरादेई त्याच बैठकीत सांगतात, की इराकने नायजरकडून युरेनियम घेण्याचा प्रयत्न केल्याची कागदपत्रं अस्सल नाहीत. आफ्रिकेतून युरेनियम मिळवण्याच्या प्रयत्नाचा आरोप बुश यांनी २८ जानेवारीला काँग्रेससमोरच्या भाषणात सगळ्या देशाला ऐकवला होता.

१६ मार्च, रविवार. अझोर्स बेटं

अटलांटिक महासागरातल्या पोर्तुगालच्या बेटांवर, एका हवाई तळावर बुश, ब्रिटनचे पंतप्रधान टोनी ब्लेअर आणि स्पेनचे पंतप्रधान होसे मारिया अझनार भेटतात. यजमान आहेत पोर्तुगालचे पंतप्रधान बारोसो. उद्याचा सोमवार हा जगासाठी निर्णायक क्षण आहे, असं बुश जाहीर करतात. त्याच दिवशी उपाध्यक्ष डिक चेनी टीव्हीवर सांगतात, की इराकी जनता अमेरिकन सैनिकांचं मुक्तिदाते म्हणून स्वागत करील.

रात्री उशिरा अमेरिकी सरकार अल बरादेई यांना कळवतं: बगदादमधून तुमची माणसं काढून घ्या. मुदत अजून जाहीर झालेली नाही, तरी तपास आवरता घेण्याचा निरोप पोहोचला आहे.

१७ मार्च, सोमवार. सकाळ. न्यूयॉर्क

युद्धाला परवानगी देणारा ठराव अमेरिका, ब्रिटन आणि स्पेन मागे घेतात. ठराव मंजूर व्हायला पंधरापैकी नऊ मतं लागतात, आणि ती जमलेली नाहीत. चिली, मेक्सिको, अंगोला, कॅमेरून, गिनी, पाकिस्तान अशा देशांवर कित्येक आठवडे दबाव आणूनही जमलेली नाहीत. शिवाय फ्रान्सने नकाराधिकार वापरण्याचा इशारा दिला आहे. परवानगी मागितली, मिळत नाही असं दिसलं, आणि मग परवानगीची गरजच नव्हती अशी भूमिका घेतली गेली. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान निरीक्षकांना आणि इतर कर्मचाऱ्यांना इराक सोडण्याचे आदेश देतात.

१७ मार्च. रात्री पावणेदहाच्या सुमारास. लंडन

माजी परराष्ट्रमंत्री आणि हाउस ऑफ कॉमन्सचे नेते रॉबिन कुक राजीनामा देऊन सभागृहात मागच्या बाकावरून बोलायला उभे राहतात. सर्वसाधारणपणे ज्याला महासंहारक अस्त्रं म्हणतात तशी अस्त्रं इराककडे बहुधा नाहीतच, असं ते स्पष्ट सांगतात. मग त्यांचा प्रश्न येतो. जी लष्करी क्षमता वीस वर्षांपासून तिथे आहे आणि जी उभी करायला आपणच मदत केली, ती नष्ट करण्यासाठी आजच, याच आठवड्यात युद्ध करण्याची निकड कसली? भाषण संपतं तेव्हा सदस्य टाळ्या वाजवतात. ब्रिटिश संसदेत टाळ्या वाजवण्याचा प्रघात नाही. कुक यांच्या प्रश्नाला मात्र उत्तर मिळत नाही.

१७ मार्च. रात्री ८ वाजून १ मिनिट. वॉशिंग्टन

बगदादमध्ये तेव्हा १८ तारखेची पहाट आहे, चार वाजलेले आहेत. बुश व्हाइट हाउसमधून देशाला उद्देशून बोलतात: सद्दाम हुसेन आणि त्यांच्या मुलांनी ४८ तासांत इराक सोडावा, नाहीतर लष्करी कारवाई होईल, आणि तिची वेळ आम्ही ठरवू.

धोक्याचं घड्याळ शत्रूच्या हातात असतं तेव्हा स्वसंरक्षणाचा प्रश्न येतो. इथे घड्याळ अमेरिकेच्या हातात आहे. हल्ल्याचा दिवस आणि तास तीच ठरवणार आहे.

इराक काय करील, याचा अंदाज अमेरिकेच्या गुप्तचर खात्याने आधीच दिलेला आहे. ७ ऑक्टोबर २००२ रोजी सीआयएने सिनेटला पाठवलेलं पत्र जाहीर झालं होतं. सद्दाम सध्या अमेरिकेवर दहशतवादी हल्ले करायचं टाळतो आहे, पण आपल्यावरचा हल्ला आता टळत नाही असं त्याला वाटलं तर तो बहुधा हात आखडता घेणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. म्हणजे हल्ला केल्यानेच धोका वाढेल, हे सरकारच्या कागदांवर आलेलं होतं.

१८ मार्च, मंगळवार. सकाळ. बगदाद. मुदतीचे चाळीसेक तास बाकी

संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक आणि कर्मचारी कनाल हॉटेलमधलं आपलं कार्यालय सोडून विमानतळावर जातात आणि सायप्रसमधल्या लार्नाकाकडे उड्डाण करतात. या सबंध घटनाक्रमातला सर्वांत निर्णायक क्षण हाच आहे. इराककडे काय आहे आणि काय नाही, हे प्रत्यक्ष जागेवर जाऊन, कुलपं उघडून, माती तपासून सांगू शकणारी जगातली एकमेव यंत्रणा हीच होती. तिला इराकने हाकललेलं नाही. बॉम्ब पडणार असल्यामुळे तिला परत बोलावलं आहे.

शहरात लोक खिडक्यांच्या काचांवर चिकटपट्ट्या लावत आहेत, म्हणजे स्फोटाने काच फुटली तरी तिचे तुकडे अंगावर उडणार नाहीत. नळ बंद पडतील या भीतीने अनेकांनी घराच्या बागेत विहिरी खणून घेतल्या आहेत. पीठ, डाळी, रॉकेल, मेणबत्त्या साठवल्या जात आहेत. ज्यांचे नातेवाईक गावाकडे आहेत ते गाड्या भरून निघाले आहेत. बाकीच्यांना जायला जागाच नाही. इराकचं नेतृत्व मुदत धुडकावून लावतं. सद्दामची राजवट क्रूर होती, हलब्जात तिने आपल्याच कुर्द नागरिकांवर विषारी वायू सोडला होता, यात शंका नाही. पण चिकटपट्ट्या लावणाऱ्या त्या लोकांना कुणीच काही विचारलेलं नव्हतं, सद्दामनेही नाही आणि बुश यांनीही नाही.

१८ मार्च. रात्री १०. लंडन. २७ तास बाकी

दिवसभर चाललेल्या चर्चेनंतर कॉमन्समध्ये मतदान होतं. युद्धाची गरज अजून सिद्ध झालेली नाही असं म्हणणारी दुरुस्ती ३९६ विरुद्ध २१७ मतांनी फेटाळली जाते. ब्लेअर यांच्याच मजूर पक्षाच्या १३९ खासदारांनी सरकारच्या विरोधात मत दिलं आहे. मूळ प्रस्ताव ४१२ विरुद्ध १४९ मतांनी मंजूर होतो. त्याच दिवशी ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या उपकायदा सल्लागार एलिझाबेथ विल्म्सहर्स्ट राजीनाम्याचं पत्र देतात. नव्या ठरावाशिवाय हे युद्ध कायदेशीर नाही, आणि इतक्या मोठ्या प्रमाणावर बेकायदा बळ वापरणं हा आक्रमणाचा गुन्हा ठरतो, असं त्या लिहितात.

अमेरिकेत असं मतदान आता होत नाही. युद्धाचा निर्णय अध्यक्षांवर सोपवणारा ठराव काँग्रेसने ऑक्टोबर २००२ मध्येच करून टाकला आहे, प्रतिनिधिगृहात २९६ विरुद्ध १३३ आणि सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३ मतांनी. निरीक्षक इराकमध्ये पाऊल टाकण्याच्या आधीच हे मतदान उरकलेलं होतं.

१९ मार्च, बुधवार. सकाळ. वॉशिंग्टन. सुमारे १२ तास बाकी

व्हाइट हाउसमधल्या सिच्युएशन रूममध्ये बुश व्हिडिओवरून सेनापती टॉमी फ्रँक्स आणि त्यांच्या अधिकाऱ्यांशी बोलतात. सगळं सज्ज असल्याची खात्री करून घेतात आणि मोहीम सुरू करण्याचा आदेश देतात. मुदत संपायला अर्धा दिवस बाकी आहे.

सिनेटमध्ये वेस्ट व्हर्जिनियाचे ८५ वर्षांचे रॉबर्ट बर्ड बोलायला उभे राहतात. आपल्या देशासाठी आज मी रडतो आहे, असं ते म्हणतात. ऑक्टोबरमध्ये विरोधात पडलेल्या २३ मतांपैकी एक त्यांचं होतं.

१९ मार्च. न्यूयॉर्क

सुरक्षा परिषद भरते. फ्रान्स, जर्मनी आणि रशियाचे परराष्ट्रमंत्री स्वतः आले आहेत. ब्लिक्स ठरल्याप्रमाणे पुढच्या तपासाचा कार्यक्रम परिषदेसमोर ठेवतात. इराकने कोणती कामं पूर्ण करायची, कोणत्या प्रश्नांची उत्तरं द्यायची, याची नीट मांडणी त्यात आहे. साडेतीन महिन्यांच्या कामानंतरही तपासाला आता वेळ दिला जाणार नाही आणि लष्करी कारवाई तोंडावर आली आहे, याचं दुःख ते बोलून दाखवतात.

दुसरा मार्ग निवडायला वाव नसला पाहिजे, असं वेबस्टर म्हणाले होते. इथे दुसरा मार्ग छापील कागदावर, क्रमवार, परिषदेच्या टेबलावर ठेवलेला आहे.

१९ मार्च. संध्याकाळी ७ वाजून १२ मिनिटं. वॉशिंग्टन. ४८ मिनिटं बाकी

दुपारी सीआयएचे प्रमुख जॉर्ज टेनेट आणि संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड नवी खबर घेऊन आले आहेत. बगदादच्या दक्षिणेला, दोरा भागातल्या एका शेतवाडीवर सद्दाम मुलांसह मुक्कामाला आहे आणि तिथे जमिनीखाली बंकर आहे, असं खबऱ्याचं म्हणणं आहे. ७ वाजून १२ मिनिटांनी बुश या वाडीवर हल्ल्याची परवानगी देतात.

२० मार्च, गुरुवार. पहाटे ४. बगदाद. मुदत संपली

इराककडून अमेरिकेवर काहीही झालेलं नाही.

२० मार्च. पहाटे ५ वाजून ३४ मिनिटं. बगदाद

दोन एफ-११७ विमानं दोराच्या वाडीवर प्रत्येकी सुमारे ९०० किलोचे चार बॉम्ब टाकतात. पाठोपाठ समुद्रातल्या युद्धनौकांवरून सोडलेली चाळीसेक टोमाहॉक क्षेपणास्त्रं येतात. भोंगे वाजतात, विमानविरोधी तोफा सुरू होतात. पाऊण तासाने बुश पुन्हा टीव्हीवर येऊन युद्ध सुरू झाल्याचं सांगतात.

भारतात तेव्हा सकाळचे आठ वाजून गेले होते. त्याच दिवशी दरबानमध्ये विश्वचषकाचा भारत-केनिया उपांत्य सामना होता. घराघरांत टीव्ही लागले होते ते सौरव आणि सचिनसाठी. मधल्या बातम्यांत बगदादचं काळवंडलेलं आभाळ दिसत होतं.

काही तासांनी सद्दाम इराकी टीव्हीवर दिसला, डोळ्यांवर जाड चष्मा, हातातल्या वहीतून वाचत. तो त्या वाडीवर नव्हता. पुढे त्या जागेची पाहणी झाली तेव्हा बंकरही सापडला नाही. युद्धाचा पहिला बॉम्बच खोट्या खबरीवर पडला होता, आणि पुढचं सगळं युद्धही तशाच खबरींवर उभं होतं.

२१ मार्च, शुक्रवार. रात्री ९ च्या सुमारास. बगदाद

बगदादवर प्रचंड बॉम्बफेक सुरू होते. सैन्य आदल्या रात्रीच कुवेतच्या बाजूने इराकमध्ये शिरलं आहे. ९ एप्रिलला बगदाद पडतं आणि त्यानंतरच्या दिवसांत राष्ट्रीय संग्रहालय लुटलं जातं.

त्यानंतर

ज्या कनाल हॉटेलमधून निरीक्षक निघाले होते, तिथेच १९ ऑगस्ट २००३ रोजी ट्रकबॉम्बचा स्फोट झाला. संयुक्त राष्ट्रांचे प्रतिनिधी सर्जिओ व्हिएरा द मेलो यांच्यासह २२ जण मारले गेले. युद्धानंतर शस्त्रं शोधायला पाठवलेल्या पथकाचे प्रमुख डेव्हिड के यांनी जानेवारी २००४ मध्ये सिनेटच्या समितीला सांगितलं, की आपण जवळजवळ सगळेच चुकलो. त्याच वर्षीच्या अंतिम अहवालाने महासंहारक अस्त्रांचे साठे नव्हते यावर शिक्कामोर्तब केलं. परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी ५ फेब्रुवारी २००३ रोजी सुरक्षा परिषदेत फिरत्या जैविक प्रयोगशाळांची चित्रं दाखवली होती. त्यांचा मुख्य आधार 'कर्व्हबॉल' हे टोपणनाव दिलेल्या एका इराकी माणसाचा शब्द होता. आपण खोटं बोललो, हे त्याने २०११ मध्ये कबूल केलं. ब्रिटनच्या चिलकॉट चौकशीने २०१६ मध्ये निष्कर्ष काढला, की शांततेचे मार्ग संपण्याआधीच युद्ध निवडलं गेलं आणि त्या वेळी लष्करी कारवाई हा शेवटचा उपाय नव्हता. 'इराक बॉडी काउंट'च्या नोंदींत हिंसेत मेलेल्या इराकी नागरिकांची संख्या १ लाख ८० हजारांवर आहे. अमेरिकेचे सुमारे साडेचार हजार सैनिक मेले. त्या विध्वंसातूनच पुढे 'इस्लामिक स्टेट' उभी राहिली.

भारताने त्या काळात एक गोष्ट नीट केली. ८ एप्रिल २००३ रोजी लोकसभेने या युद्धाविरुद्ध एकमताने ठराव केला आणि सैन्य मागे घेण्याची मागणी केली. जुलैमध्ये अमेरिकेची विनंती असूनही संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय सैन्य पाठवायचं नाही, असं वाजपेयी सरकारने ठरवलं. सत्ताधारी आणि विरोधक दोघांनाही तेव्हा हे उमगलं होतं, की ताकदवान देशाने शंकेवरून कमकुवत देशावर हल्ला करायचा हा पायंडा पडला, तर उद्या तो कुणावरही उलटू शकतो.

तो उलटलाच. अशा युद्धाने बेकायदा बळाच्या वापराचा पायंडा पडेल, असा इशारा अन्नान यांनी सप्टेंबर २००३ मध्ये आमसभेत दिला होता. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी व्लादिमिर पुतिन यांनी युक्रेनवर हल्ला करताना त्याच कलम ५१ चा आधार घेतला आणि पुढे ९ मेच्या भाषणात ही आधीच केलेली कारवाई होती असं समर्थन केलं. जून २०२५ मध्ये इराण आणि अमेरिका यांच्यात ओमानच्या मध्यस्थीने अणुचर्चा सुरू होती, पुढची फेरी १५ जूनला मस्कतमध्ये ठरलेली होती. १३ जूनला इस्रायलने इराणवर हल्ला केला, २२ जूनला अमेरिकेने फोर्दो, नतान्झ आणि इस्फहान इथल्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले. इराण अण्वस्त्र बनवत नाही, असं अमेरिकेच्या गुप्तचर प्रमुखांनी मार्चमध्येच काँग्रेसला सांगितलं होतं. जुलै उजाडताच इराणने अणुऊर्जा संस्थेशी सहकार्य थांबवलं आणि निरीक्षक देशाबाहेर पडले. पुन्हा तेच घडलं. ज्यांच्यामुळे खरं काय ते कळलं असतं, तेच जागेवरून गेले.

हे धोरण जगाला जो धडा देतं, तो शांततेच्या विरोधातला आहे. इराककडे अण्वस्त्र नव्हतं, त्याच्यावर हल्ला झाला. उत्तर कोरियाने जानेवारी २००३ मध्ये अण्वस्त्रप्रसारबंदी करार सोडला, ऑक्टोबर २००६ मध्ये चाचणी केली, त्याच्यावर हल्ला झाला नाही. लिबियाने डिसेंबर २००३ मध्ये आपला कार्यक्रम सोडून दिला आणि २०११ मध्ये नाटोच्या हवाई हल्ल्यांच्या छायेत तिथला हुकूमशहा गद्दाफी मारला गेला. असुरक्षित वाटणाऱ्या कोणत्याही राजवटीने यातून काय शिकायचं, हे वेगळं सांगायला नको.

थांबायची अक्कल अमेरिकेकडे कधीच नव्हती असंही नाही. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबातली सोव्हिएत क्षेपणास्त्रं खरी होती आणि त्यांची छायाचित्रं टेबलावर होती. सेनापती हवाई हल्ल्याचा आग्रह धरत होते. अध्यक्ष केनेडींनी नाकेबंदी केली आणि वाटाघाटींना वेळ दिला. क्युबात तेव्हा सोव्हिएत सैन्याकडे रणांगणात वापरायची अण्वस्त्रंही होती, हे अमेरिकेला नंतर कळलं. त्या वेळी 'आधीच वार' केला असता, तर हा लेख लिहायला आणि वाचायला कोण उरलं असतं?

म्हणून वाचकांना सांगणं एवढंच. जगातलं कोणतंही सरकार, मित्राचं असो, शत्रूचं असो की आपलं स्वतःचं, जेव्हा म्हणेल की आता वेळ उरलेला नाही, तेव्हा तीन गोष्टी विचारा. मुदत कुणी ठरवली? पुरावा कुणी तपासला? आणि तपासणारे अजून जागेवर आहेत की त्यांना बाहेर काढलं आहे? निरीक्षकांना माघारी बोलावून सुरू होणारं युद्ध स्वसंरक्षण असू शकत नाही. ते आक्रमण आहे, आणि त्याला आक्रमणच म्हटलं पाहिजे.